दोनशे भेटी

तेओफिल पाळक शहरातलं तीन दिवसांचं शिबिर करून आले आणि पुढच्याच रविवारी त्यांनी मंडळीला विचारलं, "प्रेमात वाढायचं, प्रेमात वाढायचं, असं आपण दर जानेवारीत ठरवतो. म्हणजे किती वाढायचं? कोणत्या तारखेपर्यंत? आणि जबाबदार कोण?"

पुरुषांच्या बाजूला थोडं खाकरून झालं, बायकांच्या बाजूला डोक्यावरचे रुमाल सारखे करून झाले. गावातल्या बाप्तिस्त ख्रिस्ती मंडळीला ऐंशी वर्षांत असलं काही कुणी विचारलं नव्हतं.

सावेता हे सगळं खाटेवर बसून फोनवर ऐकत होती. तिचं घर प्रार्थनाघरापासून तिसरं. पण प्रार्थनाघराला चौदा पायऱ्या, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी विहिरीपाशी बर्फावर पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलेलं. तेव्हापासून वॉकर धरून शेगडीपर्यंत आणि शेगडीपासून खिडकीपर्यंत, एवढाच तिचा प्रवास. दोन वर्षांत पावाची गाडी सोडली तर तिच्या फाटकाशी गावातलं कुणी थांबलं नव्हतं. भजनं खिडकीतून आणि फोनमधून अशी दोनदा ऐकू यायची, फोनमधली जराशी मागून.

"प्रभूला नेमकेपणा आवडतो," पाळक सांगत होते. "नोहाला तारू बांधायला सांगितलं तेव्हा लांबीरुंदी मोजून दिली. 'बांध मोठंसं काहीतरी' असं नाही म्हणाला."

हे मात्र सगळ्यांना पटलं. मग त्या वर्षाची ध्येयं ठरली, आणि त्यातलं पहिलं असं: जे प्रार्थनाघरात येऊ शकत नाहीत त्यांना एकतीस डिसेंबरपर्यंत दोनशे भेटी. जबाबदार, भगिनी एस्तेरा. हात वर झाले, सगळे झाले. त्या मंडळीत हात नेहमी सगळेच वर होत.

एस्तेरा ही बायकांच्या प्रार्थनागटाची पुढारी. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, कामाला वाघ. तिने आठवड्याच्या आत प्रवेशदाराशी पुठ्ठ्याचं भलंमोठं सफरचंदाचं झाड उभं केलं. एक भेट झाली की झाडावर एक लाल कागदी सफरचंद. आणि कुणी खोटंनाटं सांगू नये म्हणून गुलाबी चिठ्ठ्या छापल्या: भेटीला जाणाऱ्याचं नाव, तारीख, आणि खाली ज्याला भेटलो त्याची सही.

अडचण एकच होती. प्रार्थनाघरात येऊ न शकणारी माणसं गावात मिळून पाच. त्यातली दोघं वर डोंगरात, जिथे गाडी जात नाही. तिसऱ्याकडे कुत्रा होता आणि तो कुत्रा भेटींच्या विरुद्ध होता. चौथा म्हातारा ठार बहिरा, शिवाय माणूस दिसलं की शिव्या देणारा. उरली सावेता. डांबरी रस्त्याला लागून घर, कुत्रा नाही, कान शाबूत, सही वळणदार.

फेब्रुवारीत सुरुवात झाली. आधी एस्तेरा आली, बरोबर दोन बायका. "प्रभूची शांती असो, सावेतामावशी! किती दिवस म्हणत होते, मावशीकडे जायचं, मावशीकडे जायचं."

"दोन वर्षं म्हणत होतीस," सावेता म्हणाली. तिची जीभ कधीच मवाळ नव्हती. "घर सापडलं नाही वाटतं. पुढच्या वेळी पाटी लावते."

बायका हसल्या. एक स्तोत्र वाचलं, एक प्रार्थना झाली, गुलाबी चिठ्ठी पुढे आली. सावेताने चष्मा लावून, जीभ दातात धरून, पूर्ण नाव लिहिलं. किती दिवसांनी तिने कशावर तरी सही केली होती.

मग लोकांची रीघच लागली. आठवड्यातून तीन भेटी, कधी चार. कुणी कोबीच्या पानांत सारण गुंडाळलेली सार्माले आणायचं, कुणी आलुबुखाराचा मुरांबा. म्हातारा गाव्रील यायचा. हा मंडळीतला सगळ्यात जुना वडीलधारा, चाळीस वर्षं सभेत हात मोजणारा. तो शेगडीशी बसून अर्धा तास झोपायचा आणि उठून म्हणायचा, "छान सहवास झाला." सावेताने सकाळी उठून केस विंचरायला सुरुवात केली. कपाटातला निळा रुमाल बाहेर काढला. टेबलावर बशीत साखरेचे तुकडे मांडून ठेवू लागली, आणि फाटक वाजलं की तिचं काळीज लहान मुलीसारखं उडायचं. ती सुखात होती, यात काही शंका नाही. या सुखाला गुलाबी चिठ्ठी जोडलेली आहे हे तिला दिसत होतं; पण भुकेल्याने ताटाखाली काय आहे ते कशाला बघावं?

ऑगस्टमध्ये स्पेनहून रेबेका आली.

रेबेका सावेताची एकुलती मुलगी. एकोणीस वर्षांपूर्वी तिने होरियाशी लग्न केलं. होरिया ऑर्थोडॉक्स, म्हणजे दुसऱ्या पंथाचा, त्यात घटस्फोट झालेला. मंडळीची सभा बसली. रेबेकाला पुढे उभं केलं होतं आणि गाव्रीलने विचारलं होतं, हिला मंडळीबाहेर काढण्यास कोण अनुकूल? त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पहिला हात वर गेला तो सावेताचा. आईचा हात बघितल्यावर बाकीच्यांना सोपं गेलं. एकच हात खाली राहिला. सावेताचा नवरा तोआदेर टोपीखाली दोन्ही हात घालून जमिनीकडे बघत बसला होता. गाव्रीलने दोनदा मोजलं, शेवटी वहीत 'एकमताने' असंच लिहिलं. सावेता त्यानंतर महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही. सहा वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्या त्या हातांविषयी त्या घरात पुन्हा कधी शब्द निघाला नाही.

आता रेबेकाच्या केसांत पांढरं दिसत होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने आईच्या पायांना मलम चोळलं.

"आई, या खेपेला चल. खोली तयार आहे. खिडकीतून संत्र्यांची बाग दिसते. बाथरूम खोलीलाच लागून, एक पायरी नाही कुठे."

"गेल्या दोन वर्षीही हेच म्हणालीस."

"हो, ही तिसरी वेळ. आणि शेवटची. होरियाची आईही एकटी आहे, आई. तिलाही आता दिसत नाही नीट. खोली एकच आहे. तू येत नसशील तर तिला घेऊन जावं लागेल."

सावेताच्या मनात काय आलं? संत्र्यांची बाग आली, यात खोटं नाही. मुलीच्या हातांची ऊबही आली. पण तेवढ्यात फाटक वाजलं आणि एस्तेरा दोन बायकांना घेऊन आत शिरली. रेबेकाला बघून तिघींचे चेहरे क्षणभर आखडले, मग एस्तेराने हसू ओढून आणलं. "अगंबाई, पाहुणे! बरं झालं." स्तोत्र झालं, प्रार्थना झाली, चिठ्ठी झाली. रेबेका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"आठ मिनिटं," त्या गेल्यावर ती म्हणाली. "आई, ही सही कशाची घेतात?"

"देवाच्या कामाची. तुला काय कळणार त्यातलं?"

"मला एवढं कळतं की त्यांना तू हवी नाहीस, तुझी सही हवी आहे."

"जळतेस तू!" सावेता कडाडली. "माझ्याकडे माणसं येतात. आठवड्यात चार-चार! माझी मंडळी आहे ती. तुझ्याकडे येऊन काय करू? दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसू? घेऊन जा त्या होरियाच्या आईला. बसेल बिचारी क्रूसाच्या खुणा करत."

रेबेकाने हात पुसले. मग मलमाच्या डबीचं झाकण लावत म्हणाली, "तुझा तो हात मला अजून स्वप्नात दिसतो, आई. तरी मी तीनदा विचारलं." दुसऱ्या दिवशी पहाटे तिची गाडी गेली. जाताना वाटेत तिने सासूला घेतलं.

उन्हाळ्यात डोंगरावरच्या दोघांकडेही बऱ्याच फेऱ्या झाल्या होत्या, पण बर्फ पडताच ती वाट बंद झाली. नोव्हेंबरच्या मध्याला झाडावर एकशे चौऱ्याण्णव सफरचंदं झाली. एस्तेरा चिठ्ठी घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा नुसता उजळला होता.

"सहाच राहिली, मावशी! या आठवड्यात उडवून टाकू."

"आणि मग?"

"मग काय? मग झालं की! वेळेच्या आधी. पाळक म्हणतात, शहरातल्या मंडळ्यांनाही जमलं नाही."

सावेताने हातातलं पेन बघितलं. बशीतले साखरेचे तुकडे बघितले. रेबेकाचे शब्द तिला आठवले आणि तिने ते गिळून टाकले, कडू औषध गिळावं तसे. मग तिने पेन टेबलावर ठेवलं.

"आज हात थरथरतोय गं. उद्या ये."

एस्तेरा दुसऱ्या दिवशी आली. हात अजून थरथरत होता. तिसऱ्या दिवशी चष्मा सापडेना. चौथ्या दिवशी सावेता म्हणाली, "खिडकीची काच बघ किती मळलीय. मला अक्षरच दिसत नाही कागदावरचं." एस्तेराने काच पुसली. मग दुसरी काच पुसली. तरी सही नाही.

ते दोन आठवडे सावेता राणीसारखी जगली. गाव्रीलकडून तिने लाकडं फोडून घेतली, आणि तो धापा टाकत असताना म्हणाली, "छान सहवास होतोय, नाही का?" कुणीतरी पांकोवे म्हणतात ते गोड वडे गरम गरम तळून आणले, साखर भुरभुरवलेले, ते खाल्ले, बोटं चाटली, आणि बोटं चिकट झाली म्हणून सही राहिली. तरुण मंडळींना तिने भजनाची चारही कडवी म्हणायला लावली, तिसरं चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. एस्तेराला ती रोज हात चोळून द्यायला लावायची. एस्तेरा दात आवळून चोळायची.

"जरा वर चोळ. मनगटाशी. मनापासून चोळ की, देवाचं काम आहे ना?"

"मनापासूनच चोळतेय, मावशी."

"तसं वाटत नाही. रेबेकाचा हात हलका होता."

असं बोलून तिने स्वतःच हात मागे घेतला. त्या दिवशी एस्तेरा जायला निघाली तेव्हा सावेताने तिच्या बाहीचा काठ धरला. "एस्तेरा, ऐक. एक देते सही. पण डिसेंबरातही येशील ना? चिठ्ठी नसली तरी?"

"अहो, म्हणजे काय! येणारच," एस्तेरा म्हणाली, आणि सही झालेली चिठ्ठी तिने घाईने पिशवीत टाकली.

एकशे पंच्याण्णव.

त्यानंतर तेओफिल पाळक स्वतः आले. गोरेगोमटे, स्वच्छ नखांचे, कुणाला दुखवायचं नाही असा स्वभाव. ते सावेताच्या खाटेजवळ बसले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भगिनी सावेता, तुम्हाला सहीचा किती त्रास होतोय ते कमिटीच्या कानावर आलं. आम्ही सगळे ओशाळलो. या वयात तुम्हाला लिहायला लावणं बरं नाही."

"मला काही त्रास नाही," सावेता घाईने म्हणाली. "लिहिते की मी. सावकाश लिहिते."

"नको नको. काल ठराव झाला. यापुढे भेट देणाऱ्याचीच सही पुरेशी. झालेल्या भेटींनाही तो लागू केला. गेल्या दोन आठवड्यांत तर सगळे रोजच येत होते, म्हणजे दोनशे कधीच पार झाले. तुमच्या जिवाला उगीच घोर नको." त्यांनी प्रार्थना केली. सुंदर प्रार्थना केली. सावेतासाठी शांती मागितली, विसावा मागितला. मग कोट घालून गेले.

त्या रविवारी फोनवर टाळ्यांचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. मंगळवारी कुणी आलं नाही. सावेता आठवडाभर केस विंचरत राहिली, मग तिने कंगवा खिडकीत ठेवून दिला. साखरेच्या तुकड्यांवर धूळ बसली. नाताळच्या आदल्या दिवशी तरुण मंडळी घरोघर गाणी म्हणत हिंडली. तिच्या खिडकीखाली एक गाणं झालं, तिने वॉकर ओढत दार उघडेपर्यंत आवाज पुढच्या घराशी पोहोचले होते. बर्फात पावलांच्या खुणा तेवढ्या होत्या. तिने त्या खुणांना उद्देशून एक शिवी हासडली, ऐंशीच्या घरातल्या बाप्तिस्त बाईच्या तोंडी कधी न आलेली.

नाताळच्या दुपारी तिने रेबेकाला फोन लावला, चेहरा दिसतो तसा. पडद्यावर आधी खिडकी आली, खिडकीबाहेर हिरवंगार काहीतरी, आणि खिडकीत काळ्या कपड्यांतली एक म्हातारी, चाचपून चाचपून संत्रं सोलत असलेली.

"आई! काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे, बरी आहे. सहज केला." सावेताची नजर त्या संत्र्यावरून हलेना. "ती... राहणार आहे का? कायमची?"

रेबेकाचा चेहरा उतरला. ती पडद्याच्या अगदी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, तिने गावाकडचं घर विकलं. आता तिला कुठे पाठवू?"

"मी कुठे म्हटलं पाठव? मी आपलं विचारलं. माझ्याकडे काय, माणसांचा राबता आहे." मागून होरियाच्या आईने आवाजाच्या दिशेने हात हलवला. सावेतानेही हलवला.

जानेवारीच्या सभेला दोन तगडे तरुण आले आणि सावेताला खुर्चीसकट उचलून चौदा पायऱ्या चढवून घेऊन गेले. ती सकाळी पाचपासून तयार होऊन बसली होती, निळा रुमाल बांधून. तीन वर्षांनी तिने प्रार्थनाघराचा आतला वास घेतला, मेणाचा आणि ओल्या कोटांचा. लोकांनी वाकून वाकून हात मिळवले. दाराशी ते झाड होतं, इतकं लाल की फांद्या दिसत नव्हत्या.

मनाशी तिने सगळं ठरवलं होतं. आठ मिनिटांबद्दल बोलायचं. मोकळ्या डिसेंबराबद्दल बोलायचं. बर्फातल्या खुणांबद्दल तर बोलायचंच.

"आपल्या पहिल्या ध्येयाची जिवंत साक्ष," पाळक म्हणाले. "एकट्या भगिनी सावेतांकडे एकशे एकेचाळीस भेटी! भगिनी, दोन शब्द बोला."

"दोनच हं, मावशी," एस्तेरा कानाशी कुजबुजली आणि माइक पुढे धरला.

सावेताने समोर पाहिलं. शंभरावर चेहरे, सगळे हसरे, सगळे तिच्या ओळखीचे. ठरवलेलं एकही वाक्य तिला सापडेना. तोंडातून निघालं ते एवढंच: "मंगळवारी कोण येणार आहे?"

सगळं प्रार्थनाघर खळखळून हसलं. प्रेमाने हसलं. मावशी अजून तशीच आहे, कुणीतरी म्हणालं. पाळकही हसले, आमेन म्हणाले, आणि त्यांनी पुढचा कागद घेतला.

पुढचा कागद नव्या वर्षाचा होता. नदीकाठी तरुणांचं शिबिर, बँडसाठी नवी वाद्यं. "आणि शक्ती विखुरली जाऊ नये म्हणून," पाळकांनी वाचलं, "पूर्ण झालेली ध्येयं बंद करण्यात येत आहेत. भेटींचं ध्येय पूर्ण. मतदान घेऊ या. कोण अनुकूल?"

हात वर झाले. कपडे सळसळले, पुरुषांच्या बाजूला, मग बायकांच्या बाजूला. गाव्रील उठला आणि मोजत मोजत रांगांमधून चालू लागला. सावेताचे दोन्ही हात मांडीवर होते. तोआदेर कसा बसला होता ते तिला आठवलं, टोपीखाली हात घालून, मान खाली. त्या माणसाला किती जड गेलं असेल ते तिला आज पहिल्यांदा कळलं. आपणही तसंच बसायचं, ती मनाशी म्हणाली. एवढं एकदा करायचं.

गाव्रील तिच्या खुर्चीपाशी येऊन थांबला. त्याने मोजणं थांबवलं आणि तिच्याकडे बघितलं. मग शेजारच्या रांगेने बघितलं. मग पुढच्या रांगांनी माना वळवल्या. एस्तेराच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त डोळे गार झाले.

हात खाली ठेवला तर यातलं कुणी पुन्हा आपल्या फाटकात पाऊल टाकणार नाही, हे सावेताला स्वच्छ दिसलं. वर केला तर कुणी सांगावं. एखादी येईलही. एस्तेरा नाही तर दुसरी कुणी, मंगळवारी नाही तर गुरुवारी, पाच मिनिटं का होईना.

तिने हात वर केला.

"एकमताने," गाव्रील म्हणाला आणि पुढे गेला. बँड सुरू झाला, लोक उठले, खालच्या दालनात जेवणाची पानं मांडली जात होती. सावेताचा हात अजून वरच होता. एस्तेराने तो मनगटाशी धरून खाली आणला, तिच्या मांडीवर नीट ठेवला आणि ती वाढायला निघून गेली.